लाडकी, लहानशी रात्र

थंडीत फ्रँकफर्टला सकाळी आठपर्यंत अंधार असतो. ट्रामच्या स्टॉपवर लोक एकमेकांना 'मॉर्गन' म्हणतात आणि मान खाली घालून मोबाईलमध्ये शिरतात. यशोधर सर तसं म्हणत नसत. ते आधी आभाळाकडे बघत, मग माझ्याकडे वळून म्हणत, "अजून आहे बरं का, इंजिनियरसाहेब. पण लहान झालीय."

रात्रीबद्दल ते असं बोलत. घरातलं कोणी आजारी माणूस असावं आणि त्याची खबर द्यावी, तसं.

सर मूळचे नांदेडचे. इथल्या एका संशोधन संस्थेत ते नाहुआत्ल भाषेच्या कोशावर काम करत. नाहुआत्ल ही मेक्सिकोतली फार जुनी भाषा, आणि तिथल्या डोंगरांतल्या गावांत ती आजही रोजच्या वापरात आहे. सर त्यातल्या एका गावात अकरा महिने राहून आले होते. कोशाचं काम वाटलं गेलं तेव्हा काळवेळेचे शब्द त्यांच्याकडे आले आणि त्यातल्या रात्रीनेच त्यांना धरून ठेवलं. "तीन वर्षं झाली, रात्र काही संपत नाही," ते म्हणायचे, "आणि कंत्राट मात्र संपत आलंय."

नांदेडचा माणूस नाहुआत्लकडे कसा वळला, हा प्रश्न त्यांना प्रत्येक मराठी माणूस विचारायचा. त्यांची उत्तरं ठरलेली नसत. एकाला ते म्हणाले, "तुमचे लोक संस्कृत शिकायला जर्मनीत येतात, तेव्हा कोणी विचारतं का?" दुसऱ्याला म्हणाले, "मेक्सिकोत आडनाव सांगितलं की पुढे काही होत नाही. बरं वाटतं."

आडनावाची त्यांची एक पद्धत होती. नवा मराठी माणूस भेटला की ते नाव आणि आडनाव एका दमात, खणखणीत सांगून टाकत. मी एकदा हसून म्हटलं, "सर, शाळेत हजेरी दिल्यासारखं सांगता." ते म्हणाले, "तुमचा वेळ वाचतो ना. नाहीतर तुम्ही गाव विचारणार, मग तालुका, मग कुठल्या शाळेत होतात. चहा निवतो तोवर." मी मोठ्याने हसलो होतो. मला वाटलं, ते इतर लोकांबद्दल बोलतायत.

आमची ओळख रविवारच्या मराठी वर्गात झाली. एका चर्चच्या तळमजल्यावरच्या खोलीत आम्ही काही पालकांनी तो वर्ग सुरू केला होता. सर शिकवायचे, फुकट. माझी मुलगी ईरा तेव्हा नऊ वर्षांची. तिच्यासारख्याच सगळ्या मुलांना मराठी समजायचं, पण उत्तरं ती जर्मनमध्ये द्यायची. सरांनी त्याबद्दल कधी कुरकुर केली नाही. खोबरेल तेलाचा वास असलेला एक बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा ते घेऊन यायचे. त्यात शब्दांची कार्डं. संस्थेत सगळं काम कॉम्प्युटरवर चाले, पण सरांचा हाताने लिहिलेला संसार त्या डब्यात होता.

एका रविवारी मी मागच्या बाकावर बसलो होतो. सरांनी विचारलं, "रात्र कधी संपते?"

"सहा वाजता," ईरा जर्मनमध्ये म्हणाली.

"आज सकाळी सहाला बाहेर काय होतं?"

"डुंकेल." म्हणजे काळोख.

"मग संपली कुठे?"

मुलांत भांडण लागलं. सरांनी ते पेटू दिलं, मग फळ्यावर लिहिलं: योवाल्ली. म्हणजे रात्र, काळोख. त्याखाली लिहिलं: योवात्सिंको. म्हणजे पहाटे. "हा शब्द रात्रीच्याच पोटातला आहे," ते म्हणाले. "मधे जो 'त्सिन' आहे ना, तो लहान आणि लाडक्या गोष्टीला लावतात. आणि ज्याला मान द्यायचा त्यालाही तोच लावतात. आपल्याकडे लाडाचं शेपूट वेगळं आणि मानाचं वेगळं. चिमणुली वेगळी आणि आईसाहेब वेगळ्या. या लोकांनी एकात भागवलं. शेवटचा 'को' म्हणजे 'मध्ये'. तर पहाटे म्हणजे काय? लाडक्या, लहानशा, मानाच्या रात्रीत."

"सर, नेश्टशेन!" ईरा ओरडली. जर्मनमध्ये लाडाने लहान केलेली रात्र.

"गेनाऊ! अगदी बरोबर!" सर खूष झाले. "पण पाया पडण्याच्या लायकीचं नेश्टशेन."

त्या दिवशी वर्ग सुटल्यावर मी त्यांना ट्रामपर्यंत सोडायला गेलो. त्यांनी खिशातून फॉइलमध्ये गुंडाळलेली पोळी काढली, शेंगदाण्याची चटणी लावलेली, आणि अर्धी मला दिली. ते कायम अर्धी द्यायचे, समोरच्याला भूक असो नसो. खाता खाता त्यांनी आईबद्दल सांगितलं.

आई सरकारी दवाखान्यात आया होती. एकतीस वर्षं, आणि त्यातली बहुतेक रात्रपाळी, कारण दिवसपाळी मिळायला कोणाची तरी ओळख लागे. वडील लवकर गेलेले. सर आणि त्यांची बहीण संध्याकाळी आईला दारातून निरोप देत आणि शेजारच्या बाईंकडे झोपत. "आमच्याकडे उजाडायचं ते दार वाजलं की," सर म्हणाले. "बाहेर किर्र अंधार असला तरी. तिच्या अंगाला फिनेलचा वास असायचा. तो वास आला की रात्र लहान व्हायची."

मेक्सिकोच्या त्या गावात ज्या म्हाताऱ्या बाईंकडून ते भाषा शिकले, त्यांना ही गोष्ट त्यांनी मोडक्यातोडक्या नाहुआत्लमध्ये सांगितली होती. बाईंनी सगळं ऐकून घेतलं आणि 'योवात्सिंको'साठी उदाहरण म्हणून एक वाक्य बोलल्या: पहाटे त्याची आई घरी येते. सरांनी ते कार्डावर उतरवलं. संस्थेत कोणीतरी हरकत घेतली की हे उदाहरण गावातल्या जगण्यातलं नाही. "त्या एका वाक्यासाठी मी दोन मीटिंगा भांडलो," सर म्हणाले. "राहिलं शेवटी."

मग म्हणाले, "इंजिनियरसाहेब, मी आईला रात्री झोपलेली कधी पाहिलेलीच नाही. दिवसा झोपायची, डोळ्यांवर पदर घेऊन, आणि आम्ही घरात चवड्यांवर चालायचो. आता निवृत्त होऊन किती वर्षं झाली, तरी बहीण सांगते, दोन वाजता उठून बसते. कोणीतरी बेल वाजवेल असं वाटतं तिला. इथे तीन महिने आणायचीय. इथल्या थंडीत, जाड दुलईत, रात्रभर झोपवायचीय. मी बाजूला खुर्ची टाकून बघत बसणार."

त्यांना आयुष्यात दुसरं काही हवं होतं असं मला आठवत नाही.

पण आईला आणायचं तर पाहुण्याची जबाबदारी घेतल्याचं सरकारी कार्यालयात लिहून द्यावं लागतं. पगार दाखवावा लागतो, राहायची जागा दाखवावी लागते. सर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नसलेल्या घरात, दोन विद्यार्थ्यांबरोबर एक खोली घेऊन राहत. आईचे गुडघे गेलेले. फ्रँकफर्टमध्ये घर मिळणं अवघड. त्यात एकटा पुरुष, परदेशी नाव, मुदतीचं कंत्राट. त्यांनी किती अर्ज केले होते कोण जाणे. "घर बघायला रांगेत चाळीस जण," ते सांगायचे, "आणि मी त्यातला एकेचाळिसावा."

त्या वर्षीच्या वसंतात आम्ही शहराबाहेर स्वतःचं घर घेतलं. आमची भाड्याची जागा सुटणार होती. तळमजला, दोन खोल्या आणि पूर्वेला स्वयंपाकघर. वरच्या मजल्यावर राहणाऱ्या घरमालकीण फ्राउ क्लाईन ऐंशीच्या पुढच्या, आणि जाहिरातीची दगदग त्यांना नको होती. इथे जाणारा भाडेकरूच पुष्कळदा पुढचा माणूस सुचवतो. त्याला 'नाखमीटर' म्हणतात. फ्राउ क्लाईन मला म्हणाल्या, "तुम्ही आठ वर्षं चांगले राहिलात. तुमच्यासारखं कोणीतरी बघून द्या."

मी सरांना विचारलं. त्यांनी मला विचारलं नव्हतं, मीच विचारलं, हे इथे लिहायलाच हवं. ते म्हणाले, "तळमजला?"

"तळमजला. उंबऱ्याला एक पायरी."

"एक पायरी ती चढेल."

"तुमचंच घर समजा, सर," मी म्हणालो.

चार दिवसांत त्यांनी मला फाइल आणून दिली. पगाराच्या स्लिपा, कर्ज नसल्याचा दाखला, संस्थेचं पत्र आणि फ्राउ क्लाईनना स्वतःच्या हाताने जर्मनमध्ये लिहिलेली एक चिठ्ठी. ती मी वाचली. शेवटचं वाक्य असं होतं: माझी आई रात्री जागी असते, पण तिचा आवाज होणार नाही.

आता माझ्या आईबद्दल. आदल्या वर्षी तीही तीन महिने त्याच घरात राहून गेली होती. सर तेव्हा एकदा आमच्याकडे आले होते. भेटेल त्याला ते एक प्रश्न विचारत: तुमच्याकडे रात्र कधी संपते? बेकरीवालीला विचारलं होतं, तुर्की भाजीवाल्याला विचारलं होतं. आईलाही विचारलं. "दूधवाला आला की," आई म्हणाली. त्यांनी ते कार्डावर लिहून घेतलं, खाली तिचं नाव घातलं. आई लाजली, हसली, त्यांना आग्रहाने दुसऱ्यांदा पोहे वाढले. सर गेल्यावर तिने मला विचारलं, "आडनाव काय म्हणाले रे ते?" मी सांगितलं. ती एवढंच म्हणाली, "हं." पुढच्या खेपेला सर आले तेव्हा तिचं डोकं दुखत होतं आणि ती आतल्या खोलीतून बाहेर आली नाही.

घर सोडायच्या सुमारास तिचा पुण्याहून फोन आला. मी सहज सांगितलं, जागा सरांना देतोय. ती म्हणाली, "मी देव ठेवले होते रे त्या स्वयंपाकघरात." आणि मग, "तुझं तू बघ बाबा. मी आपलं म्हटलं."

तिने मला काही कर म्हणून सांगितलं नाही. म्हणून तिच्यावर टाकायला मला काही मिळत नाही.

त्याच आठवड्यात ऑफिसातल्या ओळखीतून पुण्याच्या एका जोडप्याचा फोन आला. चांगली माणसं. कायमची नोकरी, लहान मुलगा. आडनावावरून पुढचं काही विचारायची गरज नव्हती. मी त्यांचीही फाइल घेतली आणि फ्राउ क्लाईनना दोन्ही दिल्या. पुढे कित्येक महिने मी स्वतःला हेच ऐकवत होतो: दोन्ही दिल्या.

फ्राउ क्लाईननी चष्मा लावला, कागद चाळले आणि सरळ विचारलं, "तुम्ही कोणाला दिलं असतं?"

सरांची चिठ्ठी वरच होती.

"कुटुंब आहे," मी पुण्याच्या फाइलवर बोट ठेवून म्हणालो. "आणि नोकरी कायमची आहे. दुसऱ्यांचं कंत्राट संपत आलंय."

दोन्ही गोष्टी खऱ्या होत्या. इथल्या कुठल्याही माणसाला पटण्यासारखी कारणं होती. ती मी शोधून काढली होती.

मंजिरीने, माझ्या बायकोने, त्या संध्याकाळी विचारलं, "तू शब्द दिला होतास ना त्यांना?" मी कंत्राटाचं सांगितलं. ती म्हणाली, "कंत्राटाचं तुला घर देऊ करतानाही माहीत होतं." त्यानंतर आठवडाभर ती माझ्याशी जेवणापुरतंच बोलली.

सरांना मी फोन केला. सांगितलं की फ्राउ क्लाईनच्या नात्यातलं कोणीतरी मधेच उपटलं. "असं होतं हो," सर म्हणाले. "तुम्ही वाईट वाटून घेऊ नका." उलट माझीच समजूत घातली.

उन्हाळ्याच्या सुट्टीनंतर वर्ग पुन्हा सुरू झाला. पहिल्याच रविवारी ते पुण्याचे गृहस्थ आपल्या मुलाला घेऊन आले. मला बघून लांबूनच हात केला आणि सगळ्यांसमोर सरांना म्हणाले, "यांच्यामुळे घर मिळालं आम्हाला, सर! यांनी घरमालकिणीला शब्द टाकला म्हणून. नाहीतर कोण देतंय इथे?"

सरांच्या हातात खडू होता. त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही. त्या गृहस्थांना त्यांनी फक्त एक विचारलं, अगदी साध्या आवाजात. "स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं का हो?"

"येतं की! मस्त येतं."

"छान," सर म्हणाले, आणि मुलाला पुढच्या बाकावर बसवून त्याला 'अ' गिरवायला दिला.

त्या दिवशीही ते ट्रामपर्यंत माझ्याबरोबर चालले. मी बोलायचं धाडस गोळा करत होतो. त्यांनीच सुरुवात केली. म्हणाले, "तिकडचे जुने लोक दोन शब्द जोडीने वापरायचे. योवाल्ली, एहेकात्ल. रात्र, वारा. दिसत नाही, हाताला लागत नाही, पण आहे. देवाबद्दल म्हणायचे तसं."

"सुंदर आहे," मी म्हणालो.

"आमच्याकडे देव नाही," सर म्हणाले. "पण ही जोडी मला पहिल्यांदा वाचली तेव्हाच ओळखीची वाटली होती." ट्राम आली. चढण्यापूर्वी त्यांनी पोळीचा अर्धा तुकडा माझ्या हातात दिला, नेहमीसारखा. मी तो घरी नेला. खाल्ला गेला नाही. टाकताही आला नाही.

नोव्हेंबरमध्ये त्यांची आई गेली.

सर नांदेडला पोचले तेव्हा सगळं आटोपलं होतं. पंधरा दिवसांनी परत आले. मी त्यांच्या खोलीवर गेलो. चार जिने चढताना मला दर मजल्यावर थांबावं लागलं. खोलीत एक पलंग, एक टेबल आणि खिडकीशी एक नवीकोरी, जाड दुलई, प्लास्टिकमधून न काढलेली. मी तिच्याकडे बघतोय हे त्यांनी पाहिलं. "सेलमध्ये घेतली होती," ते म्हणाले. "मे महिन्यात."

मे महिन्यात मी त्यांना म्हणालो होतो, तुमचंच घर समजा.

त्यांनी चहा केला. म्हणाले, "बहीण सांगत होती, झोपेतच गेली. रात्री. सकाळी हाक मारली तर उठली नाही." कपात बघत राहिले. "म्हणजे झोपली शेवटी. फक्त मी बघायला नव्हतो."

"सर," मी म्हणालो, "मला तुम्हाला काही सांगायचंय. त्या घराचं."

त्यांनी हात वर केला. रागाने नाही. वर्गात एखादं मूल घाईने उत्तर द्यायला लागलं की करायचे, तसा. "नका सांगू," म्हणाले. "तुम्ही सांगितलंत की मला काहीतरी म्हणावं लागेल. 'असू दे' म्हणावं लागेल. मला आत्ता तेवढी ताकद नाही, आणि तुम्ही ते घेऊन घरी जाल."

आम्ही चहा संपवला. निघताना त्यांनी जिन्यातला दिवा लावून दिला आणि मी खाली पोचेपर्यंत दारात उभे राहिले, तो मधेच विझू नये म्हणून पुन्हा पुन्हा बटण दाबत.

हे सगळं आज लिहितोय ते 'असू दे' मिळवण्यासाठी लिहितोय का, हे मी स्वतःला विचारून पाहिलं. मला खात्रीने नाही म्हणता येत नाही. पण सर हे वाचतील असं वाटत नाही, आणि आता बोलायचं ते मला माझ्यासारख्यांशीच बोलायचं आहे.

जानेवारीच्या शेवटी त्यांचं कंत्राट संपलं. मेक्सिकोतल्या त्याच गावात शाळेसाठी पुस्तकं करायचं काम होतं, पगार बेताचा, ते तिकडे चालले होते. विमानतळावर सोडतो म्हणालो. "एस-बानची लोकल आहे की," ते म्हणाले.

ते जायच्या आदल्या दिवशी मी सकाळी सातला आमच्या जुन्या रस्त्यावर गेलो होतो. बँकेची पत्रं अजून त्या पत्त्यावर जात, ती फ्राउ क्लाईन ठेवून घेत आणि मी ऑफिसला जाताना उचलत असे. गाडी लावली, दिवे बंद केले आणि उतरणार तेवढ्यात समोरच्या फुटपाथवर सर दिसले. काळा कोट, कानांवर लोकरी टोपी, काखेत तो बिस्किटांचा डबा. हा त्यांच्या वाटेवरचा रस्ता नव्हता. अंधार होता, आणि रस्त्यावरचं बर्फ कडक झालेलं.

ते माझ्या जुन्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे बघत होते.

आत दिवा लागला. पुण्याच्या गृहस्थांची आई सुनेच्या बाळंतपणासाठी आलेली होती. साडीवर स्वेटर, पायात मोजे. तिने किटलीत पाणी भरलं, ती ठेवली आणि ओट्याला टेकून डोळे चोळत उभी राहिली, रात्रभर झोप झालेल्या माणसासारखी. बाहेर काळोख असल्यामुळे तिला काचेपलीकडचं काही दिसत नसणार.

सरांनी डोक्यावरची टोपी काढली. त्या थंडीत ती हातात धरून उभे राहिले. किती वेळ, ते मला सांगता येणार नाही. त्यांचे केस बरेच पांढरे झालेत हे मला तेव्हा दिसलं.

गाडीच्या दाराच्या मुठीवर माझा हात होता. रस्ता ओलांडायला दहा पावलं. मी दार उघडलं नाही.

किटलीची वाफ काचेवर धरली आणि आतली बाई पुसट झाली. सरांनी आभाळाकडे एकदा बघितलं, टोपी घातली, डबा नीट काखेत धरला आणि घसरू नये म्हणून जपून, चवड्यांवर चालावं तसे चालत, ट्रामच्या दिशेने गेले.